खांद्याला पेलेल तेवढंच

नाई तोगार चर्चमध्ये शिरली की पाळकाची बायकोसुद्धा बाकावर सरकून तिला जागा करून द्यायची. तसं पाहिलं तर त्या बाईकडे मिरवावं असं काहीच नव्हतं. नवरा सरोवरात जाळं टाकायला गेला तो परत आला नाही, रिकामी होडी तेवढी काठाला लागली. डोंगराच्या पोटाशी कांद्याचे चार वाफे होते, आणि उरलेला दिवस कमरेला माग बांधून उलोस, म्हणजे आमच्याकडची मानाची शाल, विणण्यात जायचा. पण घरामागे, डुकरांच्या गोठ्याला लागून असलेल्या झोपडीत तिचा मुलगा तोगार दोन्ही पाय लाकडी खोड्यात अडकवून बसलेला असे, आणि त्याबद्दल तिनं कधी कुणापाशी कुरकुर केली नव्हती. आमच्याकडे बाईला तिच्या थोरल्या मुलाच्या नावानंच हाक मारतात. नाई तोगार, म्हणजे तोगारची आई. तिचं स्वतःचं नाव तिओदोर होतं, पण ते घेणारं आता कुणी उरलं नव्हतं.

तोगार काही जन्माचा तसा नव्हता. तेलमाडांच्या मळ्यावर कामाला गेला तेव्हा चांगला खांद्याला गिटार अडकवून, बोटीवरच्या पोरींची टिंगल करत गेला होता. परत आला तो कुणाशीतरी सतत भांडत. ते कुणीतरी बाकी कुणाला दिसत नव्हतं. एका कोरड्या हंगामात त्यानं शेजाऱ्याच्या भाताच्या गंजीला काडी लावली आणि विझवायला आलेल्या माणसांवर कोयता घेऊन धावला. शेजाऱ्याच्या मुलीच्या दंडावर वार बसला. त्याच दिवशी गाव जमलं, सुतारानं फणसाच्या लाकडाचे दोन ओंडके आणले, त्यांना घोट्यांपुरत्या खोबणी पाडल्या आणि तोगारचे पाय मधे घालून बोल्ट आवळले.

गाव वाईट होतं असं नाही. त्या दिवशी दुसरं काय करायचं ते कुणालाच सुचत नव्हतं. पण आमच्या गावात शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, वचनाशिवाय कुठलंच काम होत नाही. घराचा पाया घालायचा तरी वचन, डुक्कर कापायचं तरी वचन. तेव्हा चर्चचे सिंतुआ, म्हणजे वडील पंच, मांगिहुत पुढे आले. त्यांच्या हातात शास्त्र होतं. रडणाऱ्या नाई तोगारच्या डोक्यावर दुसरा हात ठेवून ते म्हणाले, "देव कुणालाही खांद्याला पेलेल त्याहून जड ओझं देत नाही, नाई तोगार. असं लिहिलंय."

तिनं डोळे पुसले. त्या वाक्यावर ती पुढची सगळी वर्षं उभी राहिली.

सकाळी मुलाखालचा गवताचा थर बदलताना ती ते म्हणायची. त्याची घाण उपसताना म्हणायची. संध्याकाळी भात आणि सुका मासा भरवताना त्यालाही म्हणायला लावायची, लहानपणी रविवारच्या शाळेची वचनं घोकून घ्यायची तशीच. सुरुवातीला तो तिच्या तोंडावर थुंकायचा. मग म्हणू लागला. पुढे तर ती खिडकीशी आली की तिच्या आधी तोच सुरू करायचा, आणि तिला वाटायचं, पोराच्या आत अजून कुठेतरी दिवा लागलेला आहे.

मधे एकदा तालुक्याच्या दवाखान्यातली नर्स मोटारसायकल दामटत आली. महिन्याला एक इंजेक्शन घेतलं तर हा माणूस खोड्याबाहेर राहू शकतो, असे किती तरी मी स्वतः पाहिलेत, असं तिनं परोपरीनं सांगितलं. नाई तोगारनं तिला कॉफी पाजली, उकडलेलं रताळं खाऊ घातलं आणि नकार दिला. ओझं माझं आहे, देवानं जोखूनच दिलंय, ते खाली ठेवलं तर माझ्या विश्वासाला काय अर्थ राहिला, असं तिचं म्हणणं. नर्सनं कपाळाला हात लावला आणि ती गेली.

ही गोष्ट बायकांनी गावभर केली. पुढच्या रविवारी मांगिहुतांनी सगळ्या मंडळीसमोर तिचं नाव घेतलं. विश्वास बघायचा असेल तर लांब जायला नको, नाई तोगारच्या दारात जा, असं ते बोलले. खोटं कशाला सांगू, तिला ते फार आवडलं. घरी येताना तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. ज्या बायका पूर्वी वेड्याची आई म्हणून पाणवठ्यावर तोंड फिरवायच्या त्याच आता आजारी पोराला तिच्याकडे आशीर्वादाला आणायच्या. नर्स पुन्हा आली तेव्हा तिनं दारसुद्धा उघडलं नाही.

असंच चाललं असतं, पण नाताळ आला. नाताळात झाडापुढे उभं राहून पाठ केलेलं वचन म्हणायची आमच्याकडे रीत आहे. आधी पुस्तकाचं नाव, मग अध्याय, मग ओळीचा आकडा आणि मग वचन. ठिकाण न सांगता वचन म्हटलं तर मागच्या बाकांवर खसखस पिकते. त्या साली विधवांची पाळी होती. नाई तोगारनं कुठलं वचन म्हणायचं हा प्रश्नच नव्हता, सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. अडचण एवढीच की त्याचं ठिकाण तिला माहीत नव्हतं. ते विचारायला ती चर्चची उपदेशिका दुमारिस हिच्याकडे गेली.

दुमारिस त्याच वर्षी शिकून गावात आली होती. वयानं लहान, बोलायला भित्री, पण शास्त्र तिला तोंडपाठ होतं. तिनं पानं चाळली, थांबली, पुन्हा चाळली. मग पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"इनांग," ती म्हणाली, आणि ही आमच्याकडची बाईमाणसाला मानानं मारायची हाक, पुरुषाला तशी अमांग, "असं वचन शास्त्रात नाही."

"नीट बघ पोरी. चष्मा पूस."

"पुसला. याच्या जवळचं एक आहे, प्रेषित पौलाच्या पत्रात. पण ते ओझ्याबद्दल नाही, मोहाबद्दल आहे. पाप करावंसं वाटतं ना, त्याबद्दल. आणि त्यातून बाहेर पडायची वाटही देव ठेवतो, असं तिथेच पुढे आहे."

"बाहेर पडायची?"

"हो. आणि दुसऱ्या एका पत्रात तर पौलच म्हणतो, आमच्यावर इतकं येऊन पडलं की ते आमच्या ताकदीपलीकडचं होतं. जगायचीही आशा त्यानं सोडली होती."

नाई तोगार पेटली. शहरात चार वर्ग शिकलं म्हणजे म्हाताऱ्यांना अक्कल शिकवायची का, तुझ्या जन्माआधीपासून आम्ही हे वचन ऐकतोय, असं ती तिला तोंडावर बोलली. दुमारिस रडवेली झाली, पण तिनं शब्द मागे घेतला नाही. नाई तोगार उठली ती घरी न जाता सरळ मांगिहुतांच्या अंगणात गेली.

ते कांद्याच्या जुड्या बांधून वळचणीला टांगत होते. तिनं उभ्या उभ्याच विचारलं, "अमांग, ते वचन कुठल्या पुस्तकातलं?"

"कुठलं?"

"खांद्याला पेलेल तेवढंच."

मांगिहुत हसले. कांदा खाली ठेवून विचार करू लागले, आणि हळूहळू त्यांच्या तोंडावरचं हसू उतरलं. माझे वडील प्रत्येक मयताला हे म्हणायचे, त्यांचेही वडील म्हणायचे, ते म्हणाले. असेलच कुठेतरी. नसलं तरी काय बिघडलं, खरंच आहे ना ते? तुझंच बघ, तू पेललंस की नाही?

"तुम्ही म्हणालात तेव्हा तुमच्या हातात शास्त्र होतं."

"हातात होतं," ते म्हणाले. "उघडलं नव्हतं."

त्यांनी हे कबूल केलं, एवढं मात्र त्यांच्या पदरात टाकायला हवं. दुसऱ्या एखाद्यानं तिथल्या तिथे अध्यायाचा आकडा ठोकून दिला असता.

ती घरी आली आणि मागच्या झोपडीत न जाता चुलीपुढे बसून राहिली. तिला राग नव्हता, तिला भीती वाटत होती. ओझं देवानं जोखून दिलेलं नसेल, तर ते कुणी दिलं होतं? गावानं दिलं होतं, सुतारानं दिलं होतं, आणि नर्सनं ते उतरवायला हात पुढे केला तेव्हा तिनं स्वतःच ते परत मुलाच्या पायांवर ठेवलं होतं. तिच्या खांद्यावर ते कधी नव्हतंच. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुमारिसच्या दारात गेली, माफी वगैरे न मागता म्हणाली, "त्या नर्सला निरोप धाड."

नर्स आली. तिनं मागचं काहीही उकरून काढलं नाही, इंजेक्शन टोचलं आणि गोळ्या दिल्या. लगेच खोडा उघडायचा नाही, आधी डोकं ताळ्यावर येऊ दे, असं तिनं बजावलं. नाताळात नाई तोगारचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ती झाडापुढे गेली, उभी राहिली आणि काही न बोलता जागेवर येऊन बसली. मागच्या बाकांवरचीही कुणी हसली नाहीत.

औषधाला गुण आला. तोगारचं त्या न दिसणाऱ्या माणसाशी भांडण कमी होत होत थांबलं. एके दिवशी त्यानं आईला विचारलं की बाबांची होडी कुठे आहे, आणि ती विकली हे ऐकून तो साध्या माणसासारखा हळहळला. नाई तोगारनं त्याच्यासाठी नवा सदरा आणून ठेवला. हा चालत अंगणात येईल, सरोवरात आंघोळ करेल, मग न्हाव्याला बोलवायचं, असं सगळं तिनं मनात ठरवून टाकलं होतं.

खोडा उघडायच्या दिवशी नर्स आली, दुमारिस आली, पण सुतार नव्हता, तो केव्हाच वारला होता. पाना घेऊन मांगिहुत स्वतः आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी जा असंही म्हटलं नाही. बोल्ट गंजून एकजीव झाले होते. म्हातारा घामाघूम झाला, हात सोलपटले, पण पाना त्यानं दुसऱ्याच्या हाती दिला नाही. शेवटी वरचा ओंडका निघाला.

तोगारचे पाय जिथे होते तिथेच राहिले.

नर्सनं गुडघ्याखाली हात घालून ते हलवायचा प्रयत्न केला. गुडघे दुमडलेले होते ते तसेच आखडले होते. मांड्या मनगटाएवढ्या उरल्या होत्या, आणि लाकडाखाली झाकलेल्या घोट्यांवर हाड दिसेल इतक्या जखमा होत्या. आईनं रोज घाण काढली होती, गवत बदललं होतं, पण ओंडक्याच्या आतलं तिला दिसत नव्हतं. नर्सनं वर पाहून फक्त मान हलवली. हे पाय आता सरळ होणार नाहीत, हे तिनं बोलून दाखवायची गरज नव्हती.

"कधीपासून दुखतात हे?" तिनं तोगारला विचारलं.

"पहिल्यापासून," तो म्हणाला.

"पहिल्यापासून?" नाई तोगार खाली बसली. "अरे, मग बोलला का नाहीस? मी रोज येत होते. रोज तुझ्या तोंडात घास घालत होते. एकदा तरी म्हणायचंस."

तोगारनं तिच्याकडे नवलानं पाहिलं. त्याची नजर आता स्वच्छ होती, आणि तेच तिला सोसवेना.

"म्हणणार होतो," तो म्हणाला. "पण तूच सांगायचीस ना, पेलेल त्याहून जास्त देव देत नाही. म्हटलं, इतकं दुखतंय म्हणजे पेलणारंच असणार. बाकीचे पेलतात, मलाच जमत नाही. मग ओरडायचं कशाला?"

दुमारिस भिंतीकडे तोंड करून उभी होती. मांगिहुतांनी घसा साफ केला. आयुष्यभर मरणाच्या आणि आजाराच्या खोल्यांत त्यांनी काही ना काही बोलून लोकांना आधार दिला होता, आणि आताही त्यांच्या तोंडात काहीतरी येऊ घातलं होतं.

"अमांग, तुम्ही काही बोलू नका," नाई तोगार म्हणाली.

मग तिनं मुलाचं तोंड दोन्ही हातांत धरलं. शास्त्रात ते आहे असंच राहू द्यावं, एवढी वर्षं त्याला कशाचा तरी आधार होता तो काढून घेऊ नये, असं एक क्षण तिला वाटलं. पण खोटं बोलायला तिच्याकडे आता ताकद नव्हती.

"ते लिहिलेलं नाही, तोगार," ती म्हणाली. "कुठेच नाही. मी विचारून आले."

"कुठेच नाही?"

"नाही. मीच म्हणत होते."

तोगारनं मांगिहुतांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. मग त्यानं स्वतःच्या पायांकडे पाहिलं, जणू ते आत्ताच कुणीतरी आणून तिथे ठेवले होते.

"मग दुखतंय गं, आई," तो म्हणाला. "फार दुखतंय."

आणि तो ओरडू लागला. वेड्यासारखा नाही, मार लागलेल्या लहान मुलासारखा, मोठ्यानं, श्वास संपेपर्यंत आणि पुन्हा श्वास घेऊन. कांद्याच्या मळ्यातली माणसं काम टाकून उभी राहिली, बायका दारांत आल्या. नर्स घाईनं सुई भरायला लागली. नाई तोगारनं त्याचं डोकं छातीशी घेतलं आणि त्याला एकदाही गप्प राहा म्हटलं नाही.