गौरीला काय चालतं?

परदेशात, सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये, गौरी काल येऊन बसल्या होत्या. आज त्यांच्या जेवणाचा दिवस, आणि नैवेद्य कसला करायचा तेच किमयाला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं अलिबागला सगळं सासूबाई, आशालताबाई, बघायच्या. हल्ली त्यांना विसर पडू लागला म्हणून किमयाच्या नवऱ्याने, यशोधनने, त्यांना इकडे आणलं आणि स्वतः जहाजावर निघून गेला. किमयाच्या माहेरी, पुण्याला, गौरीला पुरणपोळी असायची.

सकाळीच तिने विचारलं, "आई, आज नैवेद्याला काय करू?"

"काय म्हणजे? चिंबोऱ्या."

"खेकडे?"

"मग! माहेरवाशीण ती, तिला तिखट नको?"

त्या इतक्या ठामपणे बोलल्या की किमया पिशवी घेऊन तडक मार्केटला गेली. दोरीने बांधलेले चार खेकडे तिने सिंकमध्ये ठेवले मात्र, सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

"अगं, घरात गणपती बसलेत! हे कुणी आणलं?"

"तुम्हीच सांगितलंत ना, आई."

"मी? मी कशाला असलं सांगेन?"

किमयाने पुरणासाठी डाळ धुतली, पुन्हा बाजूला ठेवली. यशोधनला मेसेज केला. तासाभराने उत्तर आलं: 'नक्की आठवत नाही गं, मी लहानपणीच होस्टेलला गेलो. पण जेवणाच्या वेळी गणपती आणि गौरीच्या मध्ये पडदा लावायचे.'

पडदा! म्हणजे गणपतीला दिसू नये असंच काहीतरी ताटात असणार. तिला हायसं वाटलं. पण पडदा दुसऱ्याच कशासाठी असला तर? साडेबारा वाजून गेले होते. तिने मध्ये ओढणी बांधली, व्हिडिओ बघत, अर्धे डोळे मिटून खेकडे साफ केले, रस्सा केला. नैवेद्य दाखवताना 'चुकलं असेल तर सांभाळून घ्या' असं मनात दोनदा म्हणून घेतलं.

आशालताबाई नांग्या फोडून मन लावून जेवल्या. "झक्कास झालंय हो! अगदी आपल्या घरची चव."

मग ओढणीकडे बघत त्यांनी आवाज खाली आणला. "गौरीला नाही ना दाखवलंस? आपल्यात नाही चालत."

किमयाने रश्श्यात डाव बुडवला.

"आणखी वाढू, आई?" तिने विचारलं.

आशालताबाईंनी ताट पुढे सरकवलं.