सोळा वर्षांची भणभण

मित्रांनो, ओळख करून देण्याआधी माझा दुर्गुण सांगून टाकतो, म्हणजे मागून दुसऱ्या कुणी सांगायला नको. मी मत्सरी आहे. बाकी म्हणाल तर मी एक जुना बेंजो आहे. सागवानी फळीचा, टाइपरायटरसारख्या बटणांचा, विजेवर गाजणारा. सध्या माझा मुक्काम वेल्ह्याच्या वाटेवरच्या मार्गासनीत, रत्नाच्या घरी, भिंतीवरच्या खुंटीला असतो. शेजारच्या खुंटीवर तिच्या सासूबाईंची, साळूबाईंची छत्री आहे. तिला पावसाळ्यात तरी कुणी हात लावतं.

माझा जन्म पुण्यातल्या एका बोळातला. ज्या कारागिरानं मला घडवलं त्यानं पाची तारा चढवल्या, एकदा छेडल्या आणि तो म्हणाला, "ह्याचा आवाज लांब जाणार." जन्मल्या जन्मल्या कौतुक झालं आणि ते डोक्यात गेलं ते गेलंच. रत्नाचे वडील धनाजी यांनी मला विकत घेऊन भोरला आणलं. त्यांची बेंजो पार्टी होती. एक टेम्पो, दोन मोठे स्पीकर, ढोल, हलगी, मिक्सर आणि आठ माणसं. एका वरातीत कॉलेजातल्या कुण्या पोरानं म्हटलं, तुमचा तर रॉक बँडच आहे. पुढच्या आठवड्यात टेम्पोवर 'नीराकाठ रॉक बेंजो पार्टी, भोर' असं रंगवून झालं. रॉक म्हणजे काय, हे आमच्यात कुणी विचारलं नाही. मोठ्यानं वाजायचं, एवढं आम्हाला कळत होतं आणि ते जमतही होतं.

मला वाजवायचा एहसान. भोरातल्या मोटार रिवायंडिंगवाल्याचा हा मुलगा एकोणीस वर्षांचा असताना पार्टीत आला. त्यानं मला मांडीवर घेतलं आणि माझं नशीब फळफळलं. हळदी, वराती, जत्रा, उरूस, गणपती, सगळीकडे आम्ही. सारोळ्याच्या पुलाजवळ वाजलो की नीरेपलीकडची माणसं काठावर येऊन उभी राहायची. धनाजी त्याला धाकट्या भावासारखं वागवायचे आणि डब्यातली अर्धी भाकरी त्याच्यापुढे ठेवूनच जेवायला बसायचे. पण त्याची मांडी माझी होती. सात वर्षं मी असा मिरवलो.

मग तो दिवस आला. माझ्या नव्या तारा आणायला म्हणून एहसान पुण्याला गेला आणि येताना शर्टाच्या खिशात माउथ ऑर्गन घेऊन आला. माझ्या निमित्तानं गेला आणि ही ब्याद घेऊन आला, बघा! वीतभर पत्र्याचा तो तुकडा. ना त्याला वीज लागायची, ना टेम्पो. खिशात राहायचा, छातीशी. आणि वाजायचा तो ओठांना लावून. मला सात वर्षांत त्याची फक्त बोटं मिळाली होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या महिन्यात मी दोनदा भर वरातीत तार तोडली, पण एहसाननं शांतपणे दुसरी चढवली.

पुढं त्यानं पार्टी सोडली आणि एकट्याचा अल्बम काढला. नाव ठेवलं 'वरात गेल्यावर'. आठ गाणी, त्याचा आवाज आणि तो खिशातला. ढोल नाही, हलगी नाही, मी नाही. मांडव निघाल्यावर अंगणात राहिलेले खांबांचे खड्डे, भांडी घासत बसलेली नवरीची आई, परतीच्या टेम्पोत स्पीकरवर डोकं टेकून झोपलेले वाजवणारे, असली गाणी. धनाजींना वाईट वाटलं, पण माणूस मनाचा मोठा. सीडीच्या प्रकाशनाला मंगल कार्यालयात साउंड माझा, पार्टीची सलामीही माझी, असं ते स्वतःहून म्हणाले.

आता मित्रांनो, माझं एक दुखणं सांगतो, कारण सगळं तिथंच अडलं. वायरीची पिन जिथं खोचतात ती माझी जागा ढिली झाली होती. जरा धक्का लागला की आवाज गायब. म्हणून धनाजींनी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून पिन माझ्या अंगाला करकचून बांधली होती. कार्यक्रम संपेपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही, असा पार्टीचा नियमच होता.

प्रकाशनाच्या दुपारी एहसाननं माझ्यावर सलामी वाजवली. शेवटची. मग मला स्पीकरसमोरच्या स्टँडवर ठेवून तो पुढे गेला आणि सीडी सुरू झाली. पिन तशीच बांधलेली. स्पीकरमधून त्याचा आवाज आला, मागोमाग तो माउथ ऑर्गन आला, आणि त्या आवाजानं माझ्या तारा थरथरायला लागल्या. विजेवरच्या वाद्याचं असंच असतं. स्पीकरनं त्याला हलवायचं, त्यानं आणखी आवाज स्पीकरला द्यायचा, असं ते वाढत जातं. हे सगळं आपोआप झालं असं सांगून मला सुटता येईल. पण खरं सांगतो, मला आवरता आलं असतं. मी आवरलं नाही. प्रकाशनात दोनच गाणी ऐकवायची होती, ती दोन्ही संपेपर्यंत भणभणत राहिलो. मिक्सरवर बसलेले धनाजी गोंधळून एकेक बटण फिरवत गेले आणि भणभण वाढतच गेली.

लोक कानात बोटं घालून हसायला लागले. एहसाननं स्टेजवरून धनाजींकडे पाहिलं, त्यांचे हात मिक्सरवर होते. जाताना तो एवढंच म्हणाला, "भाऊ, एवढं करायला नको व्हतं." धनाजींना वाटलं, ह्याची सीडीच भणभणती निघाली आणि हा राग आपल्यावर काढतोय, तेही फुकट साउंड दिल्यावर. त्या दिवसापासून दोघांचा अबोला पडला.

भोरात सीडी कुणी घेतली नाही. मग एहसानचा मेहुणा बिलाल, जो वेल्हे भागातल्या बाजारात बांगड्या विकायचा, त्यानं बांगड्यांशेजारी त्या सीड्या मांडल्या आणि तिकडच्या बायकांनी त्या हौसेनं घरी नेल्या. तिथून वाद पेटला. भोरकर म्हणायचे, कसली गाणी ती, नुसती भणभण. वेल्ह्याकडचे म्हणायचे, इतकं गोड गाणं आजवर ऐकलं नाही. एसटीत भांडणं झाली. एका साखरपुड्यात तर दोन व्याही ह्यावरून जेवण सोडून उठले. ज्यांनी मंगल कार्यालयात ऐकलं त्यांनी सीडी घेतली नव्हती, आणि ज्यांनी घेतली ते मंगल कार्यालयात नव्हते. दोघांनी एका जागी बसून एकदा ऐकलं असतं तर पाच मिनिटांत निकाल लागला असता. पण भांडायला माणसांना वेळ असतो, ऐकायला नसतो.

मी मनात खूश होतो. अल्बम पडला, आता तो परत येईल, मला मांडीवर घेईल. तो आला नाही. त्यानं गाणंच सोडलं आणि कामथडीला हायवेवर मोटार रिवायंडिंगचं दुकान टाकलं. पार्टी दुसऱ्या वाजवणाऱ्यावर कशीबशी दोन वर्षं चालली, मग डीजे आला आणि टेम्पो विकला गेला. मी गोणपाटात गुंडाळून माळ्यावर पडलो. तीन तारा गंजून तुटल्या. उंदरांनी माझ्या बटणांवर पाय ठेवले, पण त्यांना सूर कुठला!

चार महिन्यांपूर्वी धनाजींनी माळा झाडला तेव्हा रत्ना मला मार्गासनीला घेऊन आली. आणि माझ्या कर्माची फळं बघा. साळूबाई रोज सकाळी तांदूळ निवडायला बसतात आणि मोबाईलवर लावतात काय, तर 'वरात गेल्यावर'. लेकानं जुन्या सीडीतली गाणी त्यांना मोबाईलमध्ये भरून दिली होती.

तोवर मी तो अल्बम कधी ऐकलाच नव्हता. त्या दिवशी तर मी स्वतःच बोंबलत होतो. आता खुंटीवरून उठून जाता येईना. पहिले काही दिवस मी फक्त चुका शोधल्या. दुसऱ्या गाण्यात वरच्या पट्टीत त्याचा आवाज किंचित उतरतो, तेव्हा मला केवढा आनंद झाला! पण पाचव्या गाण्यात, त्या खड्ड्यांच्या गाण्यात, एक जागा आहे. तिथं तो थांबतो, माउथ ऑर्गनही थांबतो, आणि थोडा वेळ काहीच वाजत नाही. तांदूळ निवडणाऱ्या साळूबाईंचा हातही रोज तिथं थांबतो. मी असतो तर तिथं नक्की वाजलो असतो आणि त्या जागेचं वाटोळं केलं असतं. मला सोडणं बरोबर होतं, हे कळलं. कळल्यानं पोटातलं दुखणं थांबत नाही, मित्रांनो. उलट वाढतं.

मागच्या महिन्यात धनाजी लेकीकडे आले. सकाळी चहा पिताना साळूबाईंचा मोबाईल सुरू झाला. धनाजींनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "ह्यातली भणभण कुठं गेली?"

"कसली भणभण? सोळा वरसं ऐकतीया म्या," साळूबाई म्हणाल्या.

मोबाईलवाल्यांनी साफ केलं असेल, असं धनाजी म्हणाले. साळूबाईंना अल्बमला नावं ठेवलेली खपत नाहीत. त्या उठल्या, पेटीतून मूळ सीडी काढली आणि टीव्हीखालच्या जुन्या प्लेअरवर लावली. त्यातही भणभण नव्हती. धनाजींनी आठही गाणी ऐकली. मग ते रत्नाला म्हणाले, "एहसानला वाटलं आसल म्याच केलं. सोळा वरसं त्यो तेच धरून बसला आसल." आणि म्हातारा माणूस लेकीसमोर रडला. रत्नानं तेव्हाच एहसानला फोन लावला. लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून तिनं वराती पाहिल्या होत्या, तिला तो नाही म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एहसान मोटारसायकलवर आला. केस पांढरे झाले होते. खिशात पेन होतं, दुसरं काही नव्हतं. तो माझ्याखालीच सतरंजीवर बसला, पण त्यानं वर पाहिलं नाही.

धनाजींनी शपथ घेऊन सांगितलं, की आपण मुद्दाम काही केलं नाही. एहसान खाली बघत म्हणाला, "भाऊ, मिक्सर तुमच्या हातात व्हता. दुसरं कोन करनार?"

धनाजी हट्टाला पेटले. गावच्या भजनी मंडळाचा स्पीकर आणि अँप्लिफायर साळूबाईंच्या घरीच असतात, ते त्यांनी मांडायला लावले. त्या दिवशी काय काय जोडलं होतं ते बोटांवर मोजत गेले. माइक. सीडी. मग त्यांचं बोट हवेतच राहिलं. "आन् बेंजो. त्याची पिन कुणी काढली व्हती?"

"कोन काढनार? ती तर बांधलेली व्हती," एहसान म्हणाला.

मला खुंटीवरून उतरवलं, स्पीकरसमोर स्टुलावर ठेवलं, पिन खोचली, वर चिंधी बांधली. पाचवं गाणं लागलं. मित्रांनो, उरलेल्या दोन तारा मी अशा आवळून धरल्या की त्यातून हूं की चूं निघालं नाही. मी चोर आहे हे त्याच्यासमोर उघडं पडू द्यायचं नव्हतं. धनाजी कान लावून बसले. अर्धं गाणं झालं. धनाजींचा चेहरा पडला. एहसान उठला, चपला पायात सरकवल्या आणि हळूच म्हणाला, "जाऊ द्या भाऊ. झालं ते झालं. निगतो म्या."

तो दाराकडे वळला. सोळा वर्षांनी आला आणि माझ्याकडे एकदाही न बघता चालला. चांगुलपणा वगैरे काही नव्हता हो माझ्यात. मला ते सहन झालं नाही, एवढंच. मी भणभणलो. होता नव्हता तेवढा जीव एकवटून भणभणलो, मंगल कार्यालयात भणभणलो होतो तसाच.

एहसान दारात थांबला. मागं वळून त्यानं माझ्याकडे पाहिलं. चपला काढून आत आला, खाली बसला आणि त्यानं माझ्या तारांवर पालथा हात ठेवला. भणभण थांबली. हात उचलला, पुन्हा सुरू झाली. पुन्हा ठेवला.

"ह्योच व्हय," तो म्हणाला. मग तो धनाजींकडे वळला. "भाऊ, म्या तुमाला सोळा वरसं..." धनाजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

साळूबाईंनी मात्र दोघांना दटावलं आणि गाणं पहिल्यापासून लावा म्हणाल्या. धनाजी चिंधी सोडायला वाकले. "पिन काढतो ह्येची."

"ऱ्हाऊ द्या," एहसान म्हणाला. "म्या धरतो."

आठही गाणी झाली. त्या थांबण्याच्या जागी कुणीच हललं नाही. मी त्याच्या हाताखाली गप्प होतो आणि तो खिशातला स्पीकरमधून वाजत होता. मला राग येत होता आणि हात उचलला जाऊ नये असंही वाटत होतं.

तर मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं जुनं वाद्य असेल तर त्याची धूळ पुसा, तारा बदला. आणि शेजारी दुसऱ्याचं गाणं चालू असताना ते भणभणलं तर त्याला उचलून अडगळीत टाकू नका. गाणं संपेपर्यंत त्याच्यावर नुसता हात ठेवा. गप्प करायला ठेवलेला हातसुद्धा आम्हाला चालतो.