तीन डोळ्यांचं कव्हर

मी मोबाइलचं कव्हर बोलतोय. मोबाइल नव्हे, नुसतं कव्हर. हे आधीच सांगून टाकतो, कारण लोकांनी मला मोबाइल समजावं म्हणून मी एके काळी फार मिरवलो आणि तोंडावर आपटलो.

माझा जन्म साच्यात झाला. एका दाबात माझ्यासारखे कितीतरी बाहेर पडले. तरी मला वाटे, मी काही साधासुधा नाही. बाजारातल्या सगळ्यात महागड्या फोनच्या मापाचा मी! पाठीवर कोपऱ्यात तीन गोल खिडक्या, त्या फोनच्या तीन कॅमेऱ्यांसाठी. या तीन डोळ्यांचा मला कोण तोरा! दुकानात खिळ्याला लटकत असतानाही शेजारच्या एकडोळ्या कव्हरांशी मी बोलत नसे.

वाटलं होतं, कुणीतरी बडं गिऱ्हाईक येईल. आले ते गळ्यात टेप अडकवलेले शिंपी. त्यांना सगळे मास्तर म्हणत. पुढे कपडे अल्टर करायचं छोटं दुकान, मागे दोन खोल्यांचं घर. मास्तरांनी मला उलटंसुलटं केलं, पँटीची कंबर ताणून बघावी तसं ताणलं आणि खिशात कोंबलं.

घरात नववीतली लेक होती. तिला चिमी म्हणत. हल्ली ते नाव तिला आवडत नसे. हल्ली तिला बरंच काही आवडत नसे. तिच्याकडे आईचा जुना फोन होता, आणि वर्गात तीन डोळ्यांचं वारं आलं होतं.

"पप्पा, सगळ्यांकडे आहे तो."

"सगळ्यांकडे म्हणजे कुणाकुणाकडे?"

"सगळ्यांकडे!" आणि दार धाडकन आपटलं.

असला फोन घेणं मास्तरांना झेपणारं नव्हतं. पण पोरीचं उतरलेलं तोंडही बघवेना. मग त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं. जुना फोन माझ्यापेक्षा लहान, म्हणून मला आतून जाड लोकरी कापडाचं अस्तर लावलं. एका खिडकीशी त्याचा खरा कॅमेरा जुळवला. उरलेल्या दोन खिडक्यांत कोटाची काळी, चकचकीत बटणं शिवून टाकली. लांबून बघितलं तर मीच फसलो असतो.

औषधांच्या कारखान्यात पाकिटं भरून थकून आलेली आई मात्र फसली नाही. "लाड करा की, नको कोण म्हणतंय? पण हे लाड नाहीत, सोंग आहे. उद्या निस्तरायचं तिला."

"अगं, अस्तर कोण उलटून बघतंय?" मास्तर म्हणाले. चिमीने त्यांच्या गळ्यात हात टाकले, त्यामुळे विषय तिथेच संपला.

पहिले काही दिवस काय सांगू! फोन पुढून बघायचा असतो म्हणे. आमचा कायम पालथा. बाकावर मी पाठ वर करून पडायचो आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे तिन्ही डोळे वटारायचो. त्यातली दोन बटणं होती हे मी सोयीस्कर विसरलो होतो.

अडचण एकच, आवाजाची. जुना फोन वाजला की खेळण्यातल्या बाजासारखा टुणटुण करायचा. त्यामुळे चिमीने त्याचं तोंड बंद केलं. पूर्वी शाळा सुटली की ती स्वतःहून पप्पांना फोन करायची. आता पप्पांचा आला तरी दप्तरात खोल दाबायची. फोन माझ्या पोटात थरथरत राहायचा. तिकडे मास्तर "उचल गं" म्हणत असणार हे मला कळायचं, पण मी भाव खाण्यात दंग. घरी विचारलं की "आवाज बंद होता." मास्तर मान डोलवायचे आणि शिवणयंत्राकडे वळायचे. बापलेकीच्या मधे आता मी बसलो होतो.

एकदा तिच्या बाकावरच्या मैत्रिणीची आई दुकानात आली. मुलीचं साधंच जॅकेट आणलं होतं, सोबत कुठल्याशा जुन्या कपड्यावरून उसवलेलं मोठ्या कंपनीचं लेबल. "मास्तर, असं लावा की कळता कामा नये. आणि कुठे बोलू नका हं." मास्तरांनी लावलं. वरचे दोरे चिमीनेच कात्रीने कापले.

पुढे त्याच मैत्रिणीचा वाढदिवस आला. निघताना मास्तरांनी चिमीच्या हातून फोन घेतला. "मी न्यायला येतो. तुझा आवाज बंद असतो म्हणून मीच चालू करून ठेवलाय." नुसता चालू नव्हे, पार शेवटपर्यंत वाढवला होता. चिमीला ते बंद करायचं भान राहिलं नाही.

वाढदिवसाला मुलींचा नुसता कलकलाट. मैत्रीण ते जॅकेट घालून मिरवत होती. ती म्हणाली, "फोटो हिच्या फोनवर काढू. हिचा कॅमेरा भारी आहे."

"चार्जिंग संपलंय," चिमी म्हणाली.

आणि मी वाजलो. टुणटुण, टुणटुण! चिमीने मला उशीखाली दाबलं. "माझा नाहीये, दुसऱ्या कुणाचा तरी." इतक्यात दार उघडलं. दारात मास्तर, गळ्यात टेप, कानाला फोन. त्यांच्या कानाशी रिंग जात होती आणि इकडे उशी वाजत होती. त्यांनी उशीकडे बघितलं, लेकीकडे बघितलं आणि हळूच फोन बंद केला. उशी गप्प झाली.

मैत्रिणीने मला ओढून काढलं. अस्तर सुटलं, फोन निसटला आणि माझा एक डोळा टणकन फरशीवर पडून थेट मास्तरांच्या चपलेपाशी गेला.

"अय्या, हे तर बटण आहे!"

सगळ्या हसल्या. आयुष्यभर मिरवायचं स्वप्न पाहिलेला मी, एका डोळ्याने छताकडे बघत पडलो होतो. चिमीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिची नजर मैत्रिणीच्या छातीवरच्या लेबलाकडे गेली. ओठ उघडले. "आणि तुझं..."

"चिमे." मास्तरांनी वाकून बटण उचललं आणि मुलींकडे वळून म्हणाले, "काम माझं आहे, पोरींनो. टाका कच्चा राहिला. चूक कारागिराची."

मग त्यांनी मला उचललं. कोपऱ्यात उभ्या मैत्रिणीच्या आईने मान खाली घातली.

रस्त्यात चिमी पुढे पुढे चालत होती. मग एकदम थांबून म्हणाली, "तुम्ही गप्प का बसलात? लेबल तुम्हीच लावलंय ना?"

"लावलंय. पण ती पोर तुझ्याएवढीच आहे गं."

चिमी रडू लागली. रडता रडता म्हणाली, "तुमचा फोन वाजत होता आणि मी म्हटलं, माझा नाही." मास्तरांनी तिच्या हातातली पिशवी आपल्या खांद्यावर घेतली.

घरी पोचल्यावर तिने मला त्यांच्यासमोर ठेवलं. "हे काढून टाका. तो महागडा फोन मला हवाच आहे, ते मी म्हणणारच. पण हे नको."

आई आतून म्हणाली, "हे कसं सरळ झालं!"

आता मी शिवणयंत्राशेजारी पडून असतो. माझं लोकरी अस्तर टाचण्या टोचायला बरं पडतं. महागड्या फोनसाठी जन्मलो आणि टाचण्यांची उशी झालो! उरलेला डोळाही मास्तरांनी काढून कुणाच्या तरी कोटाला लावला. तो तिथे शोभतो, हे कबूल करावंच लागतं.

काल शाळा सुटल्यावर मास्तरांनी फोन लावला. दुकानासमोरच्या फुटपाथवर मुलींचा घोळका उभा होता. त्यातून टुणटुण ऐकू आलं. दोघीतिघी खिदळल्या. मास्तरांनी घाईने फोन बंद करायला बोट उचललं, एवढ्यात आवाज आला, चांगला मोठ्याने, घोळक्याच्या मधोमध:

"हां पप्पा, बोला."

मास्तरांनी डोळे पुसले, हातातली टाचणी माझ्यात खुपसली आणि मग म्हणाले, "काही नाही गं. असाच लावला होता."