काठीच्या टोकाशी

काठीचं टोक झिजून नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत झालेलं... कानामागच्या ज्या हाडावर तो ते तीस वर्षं टेकवत आला, तिथला घट्टा निवृत्तीनंतर विरला असेल असं त्याला वाटलं होतं. पण टोक टेकलं आणि हाडाने ते ओळखलं. दुसरं टोक ट्रान्सफॉर्मरच्या टाकीवर. मधे दोन हात कोरडं लाकूड. त्याने डोळे मिटले.

"काका, नाडी लागते का?" मागून ऑपरेटरने विचारलं. जाड चष्म्यामुळे त्याला सगळे बॅटरी म्हणत.

"तुझी जीभ थांबली तर लागेल."

त्याची मुलगी हसली नाही. ती आता या उपकेंद्राची इंजिनीअर. सकाळी तिचाच फोन आला होता – बाबा, काठी घेऊन या, सूर्यावरून वादळ सुटलंय, काल निघालं, आज पोचलं. त्याला हसूच आलं होतं. सूर्य तर रोजच्यासारखा दोरीवरचे कपडे वाळवत होता. फक्त तिच्या आईला डायलिसिसला नेणाऱ्या गाडीतल्या नकाशाने दवाखाना नदीच्या मधोमध दाखवला, तेव्हा बायको म्हणाली होती, "चला, आज पोहत जाऊ." नऊ वाजता तिला मशीनला लावलं. चार तास. एरवी तो शेजारी बसायचा, ती झोपली की नळीतलं रक्त बघत... तिचं रक्त, तिच्याबाहेर. आज तिने त्याला हाताने ढकललं. पोरीने बोलावलंय, जा.

अकरा वाजत होते.

आवाज तोच नव्हता. तीस वर्षं हे यंत्र एका सुरात गुणगुणलं, पाऊस असो की थंडी. वाचायला तो चाळिशीनंतर शिकला, त्याआधी हा एकच सूर त्याला पाठ होता. आता त्याच्या तळाशी रिकामं जातं ओढावं तशी घरघर होती. वाढायची, ओसरायची, परत वाढायची, सावकाश. यंत्र असं श्वास घेत नाही.

"पडद्यावर सगळं हिरवं आहे," बॅटरी म्हणाला. "तेलाचं तापमानपण ठीक."

"काटा मागून येतो. आवाज आधी येतो."

मुलीने पायाजवळच्या तांब्याच्या पट्टीकडे बोट केलं. "करंट इथून येतोय, बाबा. जमिनीतून वर."

ती पट्टी त्याने स्वतः पुरली होती. कमरेएवढ्या खड्ड्यात उतरून, मीठ आणि कोळसा घालून – आभाळातून पडलेली वीज गुमान खाली जावी म्हणून. आणि आज तिकडून कोणी वर येत होतं. इतक्या लांबून फेकलेलं काहीतरी सबंध पृथ्वीला हलवून, दगडामातीतून वाट काढत, त्याने पुरलेल्या पट्टीवर पाय देऊन चढत होतं, आणि त्याच्या हाडात बोलत होतं. त्याच्या मानेवर ऊन पडलं होतं, कोवळं म्हणावं इतकं साधं. तोच तो सूर्य. वर कपडे वाळवणारा आणि खाली हे लोखंड दळणारा.

"बाबा, बंद करायचा का ते सांगा. आई तिथे आहे हे बाजूला ठेवून सांगा."

"ठेवू कुठे?"

ती म्हणाली, "दवाखान्याला फोन केलाय. जनरेटरवाल्याला शोधताहेत."

मागच्या वेळी वीज गेली तेव्हा तो जनरेटर उठायला वीस मिनिटं लागली होती. नर्सने मशीनला छोटा दांडा लावून पंप हाताने फिरवला होता, बायकोचं रक्त तिला परत देत... फार जोरात नाही, काका, असं, असं, म्हणत त्यालाही दाखवलं होतं. ट्रान्सफॉर्मर बंद केला तर दवाखान्याची वीज जाणार, आज पुन्हा तो दांडा. नाही केला तर टाकीतली तांब्याची वेटोळी आतल्या आत जळतील, आणि नवा ट्रान्सफॉर्मर यायला वर्ष – वर्षभर सगळं गाव अंधारात, आठवड्यातून तीनदा ती त्या दांड्यावर.

घरघर वाढली. या वेळी ओसरली नाही. काठी दातांपर्यंत थरथरली.

"बंद कर," तो म्हणाला.

मुलगी कंट्रोल रूमकडे निघाली, चालत. यार्डात पळायचं नाही, हे त्यानेच तिला शिकवलं होतं. पण तिची पाठ पळत होती. बॅटरी तिच्या मागे गेला.

काठी काढावी, दवाखाना गाठावा, असं त्याला वाटलं. हाड हललं नाही. एवढा मोठा आवाज आयुष्यात त्याच्याशी बोलला नव्हता, आणि त्याच्यात राग नव्हता, दया नव्हती, त्या आवाजाला बायको ठाऊकसुद्धा नव्हती... भीती होती तिथेच होती, पण ती आता फार लहान दिसत होती, उंचावरून घर दिसावं तशी. तो ऐकत राहिला. यंत्र अजून दळत होतं. आणि त्याचा मोकळा हात, उन्हात, कमरेजवळ, आपोआप गोल फिरू लागला होता – फार जोरात नाही, असं... असं...