सुईणींच्या संघटनेची बाहुली

मी सुईणींच्या संघटनेतली सरावाची बाहुली बोलतेय. माझ्या रबरी पोटात एक कापडी बाळ असतं. ते आडवं, पायाळू, कसंही ठेवता येतं आणि नव्या पोरी ते सोडवायला शिकतात.

मी आले तेव्हा संघटनेची चलती होती. सभासद भरपूर, शिल्लकही बरी. अध्यक्षबाईंनी मोठी जागा घेतली, दरवर्षी थाटाचं अधिवेशन भरवलं. मी महागाची, म्हणून मला काचेच्या कपाटात बसवलं. पाहुण्यांना दाखवायला.

वर्गणी मात्र होती तेवढीच राहिली. खजिनदारताई प्रत्येक सभेत विषय काढायच्या.

"वाढवली तर बायका सोडून जातील," अध्यक्षबाई म्हणायच्या आणि चहा मागवायच्या.

बायका तशाही गेल्या. जुन्या थकल्या. नव्या विचारू लागल्या, "तिथं आम्हाला मिळतं काय?" तूट आली की ठेव मोडायची, असं चालू राहिलं. शेवटी आजारी सुईणींसाठी राखलेला निधीही त्यातच गेला.

मग एका दुपारी मनगट मोडलेली एक सुईण मदत मागायला आली. संघटना निघाली तेव्हापासूनची सभासद.

"निधीत काहीच नाही हो," खजिनदारताई कशाबशा म्हणाल्या.

ती चिडली नाही. "मग आजवर आपण काय सांभाळलं, ताई?" एवढंच म्हणाली.

अध्यक्षबाईंनी माझ्या काचेच्या कपाटाकडे पाहिलं. "थाट सांभाळला," त्या म्हणाल्या. "आता काय करायचं, ते तुम्ही सांगा."

"आधी ही बाहुली बाहेर काढा," ताई म्हणाल्या.

अर्धी जागा एका दातांच्या डॉक्टरला भाड्यानं गेली. अधिवेशन साधं झालं. वर्गणी वाढली. काही जणी रुसून गेल्या. उरलेल्या अर्ध्या जागेत फी घेऊन वर्ग सुरू झाले. शिकवायला तीच मनगट मोडलेली सुईण, मानधनावर. एका हातानं माझं पोट दाबत ती पोरींना सांगायची, "घाई नको. बाळाला येऊ दे." पोरी शिकल्या, मग सभासदही झाल्या.

निधी सावकाश भरला. त्याचं खातं आता वेगळं आहे.

माझं रबर विरलंय, शिवणी उसवल्यात. परवा नव्या बाहुलीचा विषय निघाला. अध्यक्षबाईंनी आधी किंमत विचारली, मग हळूच म्हणाल्या, "निधीला हात न लावता जमेल?"

ताईंनी हिशेब पाहिला. "जमेल."

हा शब्द मी या खोलीत पहिल्यांदाच ऐकला. आता मी निघायला मोकळी आहे.