लखलखीत भांड्यातलं प्रथिन

नणंद आणि भावजय एकाच प्रयोगशाळेत काम करणार म्हटल्यावर संचालकांनी कपाळाला हात लावला होता. पण कामं वाटलेली होती. वहिनी रक्त गोठवणारं एक प्रथिन शुद्ध करायची, नणंद पेशीच्या पटलासारखे चरबीचे बारीक बुडबुडे बनवायची. त्या चरबीचा एक प्रकार एरवी पेशीच्या आतल्या अंगाला लपून बसतो. पेशीला इजा झाली की तो बाहेर येतो, प्रथिन त्याला धरतं आणि तिथेच रक्त गोठायला लागतं. दोघांची गाठ घालून देतं ते कॅल्शियम.

इथे मात्र गाठ काही पडेना. प्रथिन बुडबुड्यांकडे ढुंकूनही पाहत नव्हतं. नणंदेच्या मते दोष उघड होता. जिच्या टेबलावर झाकणं, चिमटे आणि कालचे हातमोजे गुण्यागोविंदाने नांदतात, तिचं प्रथिन शुद्ध कुठून असणार? तिने संचालकांना तसं सांगितलंही. त्यांनी सगळा साठा आजच टाकून द्यायला सांगितलं. वहिनीची वर्षभराची मेहनत होती ती. वहिनी नुसती मान डोलावून आपल्या टेबलाकडे वळली, आणि तेच नणंदेला टोचत राहिलं.

वहिनीने शेवटचा प्रयत्न म्हणून नणंदेच्या धुतलेल्या काचेच्या नळीऐवजी पाकिटातली कोरी प्लास्टिकची नळी घेतली, तिच्यात प्रथिन आणि बुडबुडे मिसळून ती चिकटणं मोजणाऱ्या यंत्राला लावली आणि निकालाची वाटही न पाहता साठा आणायला गेली. आकडा एकट्या नणंदेने पाहिला. प्रथिन घट्ट चिकटलं होतं.

आपल्या काचेच्या नळ्यांवर डाग राहू नये म्हणून ती शेवटचा हात एका खास द्रावणाचा द्यायची आणि नंतर त्या पाण्याने विसळायची नाही. ते द्रावण कॅल्शियम गिळून बसतं, हे तिला तोंडपाठ होतं. तिने आपल्याच लखलखीत नळीत थोडं जास्तीचं कॅल्शियम घातलं. तिथेही प्रथिन चिकटलं. आकडा पुसायला एक बटण पुरलं असतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि ती धावत सुटली.

वहिनी मोरीपाशी बाटलीचं झाकण उघडत होती.

"वहिनी, ओतू नकोस. चूक माझी आहे."

संचालकांनाही तिने स्वतःच जाऊन सांगितलं.

घरी जेवताना भावाने भीतभीतच विचारलं, शेवटी घोडं कुठे अडलं होतं? नणंदेने मान खाली घातली. एरवी ताई म्हणणारी वहिनी शांतपणे म्हणाली, "काही नाही हो. वन्सं भांडी नीट विसळत नव्हत्या."

भावाला जोराचा ठसका लागला. नणंदेला जन्मात कुणी असं बोललं नव्हतं, आणि त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.