न वाजलेली शिट्टी

मी एक जुना कुकर आहे. माझे बूड काळवंडले आहे, एका बाजूचा कान सैल झाला आहे आणि झाकणावर एक पोचा आहे. तरीही मी रोज कामाला उभा राहतो. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, भांड्याला कसली आली आहे भीती? पण खरे सांगतो, मी जन्मापासून भित्रा आहे. किटली, पातेली, कढई यांची वाफ मोकळी निघून जाते. मला मात्र ती पोटात कोंडून धरावी लागते. एवढीशी नळी आणि तिच्यावर बसलेली शिट्टी, एवढाच काय तो माझा श्वास. ती नळी बंद झाली तर काय होईल, हा विचार मी ज्योतीवर चढलो की रोज माझ्या मनात येतो.

ही भीती मला कारखान्यातच चिकटली. धातूच्या एका चपट्या गोल चकतीला अजस्र यंत्राने दणका दिला आणि मी भांडे झालो. पुढे आमची परीक्षा होती. एकेकाच्या पोटात पाणी भरायचे आणि त्याचा दाब वाढवत न्यायचा. माझ्या पुढचा कुकर माझ्यासारखाच चकचकीत होता. दाब वाढला, तो थरथरला आणि कडेपाशी फाटला. तो आवाज मी कधीच विसरलो नाही. मग तपासणाऱ्या बाईंनी मला उचलले. मी कसाबसा तग धरला. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि त्या म्हणाल्या, "हा पोरगा जाईल चांगल्या घरी."

त्यांचे शब्द खरे ठरले. दुकानातून मला एका नव्या जोडप्याने घेतले. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा, ती इस्पितळात नर्स होती, भाजलेल्या रुग्णांच्या विभागात. दोन खोल्यांचे घर, खिडकीखाली ओटा आणि ओट्यावर मी. पहिल्याच दिवशी माझ्यातले बटाटे फुटून त्यांचा लगदा झाला. दोघेही पोट धरून हसले आणि तोच लगदा त्यांनी मीठ-मिरी घालून मिटक्या मारत खाल्ला. पुढे त्यांना मुली झाल्या. थोरलीला सगळे ताई म्हणू लागले आणि धाकटीला चिंगी. दोघींचा पहिला मऊ भात माझ्याच पोटात शिजला. आई ड्यूटीवरून थकून आली की माझ्याकडे बघून म्हणायची, "हा आहे म्हणून माझं घर चालतंय." तेव्हा मला फार बरे वाटायचे.

बाबांना हाताने सगळे करता यायचे. कामावरून उरलेले रंग ते घरी आणत. मग मुली आणि ते मिळून खोक्यांची घरे, चिंध्यांची माकडे, लगद्याचे मुखवटे करत. घरातल्या कुठल्याही मोडक्या वस्तूला ते हात लावत आणि ती चालू करत. माझ्या झाकणावर शिट्टीखेरीज आणखी एक छोटी झडप असते. शिट्टीची नळी तुंबली तर ती आपण होऊन उडते आणि वाफेला वाट करून देते. तीच माझी पाठीराखी. एकदा ती झिरपू लागली. बाबांनी दोन पदार्थ एकत्र मळून त्यांचा लेप तिच्यावर थापला. तो वाळून दगडासारखा कडक झाला. "तात्पुरतं केलंय," ते आईला म्हणाले. "नवी झडप आणतोच या आठवड्यात."

तो आठवडा काही उजाडला नाही. मी रोज मनात म्हणायचो, अहो, आज तरी आणा. पण मी शिट्टीखेरीज दुसरे काही बोलू शकत नाही आणि शिट्टी तर वेळेवर होत होती. मग काळजी कोण करणार?

आता चिंगीविषयी सांगतो. ती तान्ही होती तेव्हापासून माझ्या शिट्टीला दचकायची. चालू लागल्यावर शिट्टी झाली की कानांवर हात घेऊन पलंगाखाली शिरायची. घरात तो एक गमतीचा विषय झाला होता. ताई मुद्दाम तिच्या मागे जाऊन "फुस्स!" करायची. बाबा तिला उचलून घेत, पण हसत हसत म्हणत, "आली बघा आमची भित्री भागूबाई." पाहुण्यांनाही ही गोष्ट रंगवून सांगितली जाई. एकदा चिंगीने आईला विचारले, "तो माझ्यावर रागावलाय का?" आईलाही हसू आवरले नाही. त्यानंतर चिंगीने कुणाला काही विचारले नाही. ती गप्प झाली, म्हणून सगळ्यांना वाटले की तिची भीती गेली. पण मला ओट्यावरून पलंगाखालचे तिचे पाय दिसत होते. मला वाईट वाटायचे. पण माझा काय इलाज होता? ओरडलो नाही तर मी फुटलो असतो.

आणि एका दुपारी तसेच होण्याची वेळ आली.

ताईला शाळेच्या नाटकात घुबड व्हायचे होते. स्वयंपाकघराच्या फरशीवर वर्तमानपत्रे पसरली होती. बादलीत कागद भिजवून त्याचा लगदा केला होता आणि पातेलीत कणकेची खळ शिजवून त्यात मिसळली होती. आई कामावर गेली होती. ती येईपर्यंत बटाटे उकडून ठेवावेत म्हणून बाबांनी ते माझ्यात टाकले, पाणी घातले आणि झाकण उलटे करून ओट्यावर ठेवले. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून ताईची हाक आली. "बाबा, लवकर या! चोच पडली!"

बाबा खळीच्या हातांनीच धावले. चिंगी तिच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर चढली. तिच्या मुठीत लगद्याचा गोळा होता. माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूने तिने तो नळीत कोंबला. बोट जाईना तेव्हा पेन्सिलीच्या मागच्या टोकाने दाबला. वर आणखी थोडा घातला, पुन्हा दाबला. तिचा चेहरा अगदी गंभीर होता. तिला खोडी काढायची नव्हती. आजारी माणसाला औषध द्यावे तशी ती काम करत होती. मग झाकण होते तसे ठेवून ती खाली उतरली.

बाबा परत आले. त्यांनी झाकण लावले, शिट्टी बसवली, शेगडी पेटवली. "शिट्टी झाली की बंद करू," असे स्वतःशीच म्हणून ते पुन्हा घुबडाकडे गेले.

मित्रांनो, त्यानंतर मला जे वाटले ते सांगताना आजही माझे कान थरथरतात. पाणी गरम झाले. वाफ उठली, नळीकडे गेली आणि परत फिरली. पुन्हा गेली, पुन्हा परत फिरली. आधी मला वाटले, कोंबलेला कागद ओला आहे, निसटेल. पण त्यात खळ होती. उष्णतेने ती आणखी शिजली, फुगली आणि नळीत गच्च बसली. मी झडपेकडे धाव घेतली. तिच्यावर बाबांचा लेप होता. बाबांचे काम नेहमी पक्के असे.

बाहेरच्या खोलीतून हसण्याचे आवाज येत होते. "एक डोळा मोठा झालाय," ताई म्हणत होती. "असू दे, रात्रीच्या ड्यूटीचं घुबड आहे," बाबा म्हणाले. माझ्याकडे कुणाचे लक्ष नव्हते, कारण सगळ्यांचा माझ्यावर विश्वास होता. वेळ झाली की हा ओरडेलच, हे घरात सर्वांना ठाऊक होते.

आणि चिंगी? हेच सर्वांत भयंकर होते. ती पळाली नाही. आज पहिल्यांदाच तिला माझी भीती नव्हती. तिने स्टूल ओढत ओढत शेगडीपाशी आणले, ती त्यावर बसली आणि हनुवटी ओट्याच्या कडेला टेकवून माझ्याकडे पाहू लागली. तिचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता.

"आज तू शहाणा आहेस," ती मला हळूच म्हणाली.

जा, मी म्हणत होतो. पलंगाखाली जा. कानांवर हात घे, रड, काहीही कर, पण इथून जा. माझ्या तोंडून मात्र शब्द फुटेना. माझ्या भिंती ताणल्या गेल्या. झाकणाची कड कुरकुरली. पोटात एक बारीक, सलग गुणगुण सुरू झाली. कारखान्यातला तो फाटण्याचा आवाज मला आतूनच येऊ लागला.

इतक्यात दारात चपला काढल्याचा आवाज आला. आई आली होती.

"अगं बाई, केवढा हा पसारा! कुकर कधी लावलास?"

"झाला की बराच वेळ. शिट्टी नाही झाली अजून."

"बराच वेळ म्हणजे किती?"

बाबांनी घड्याळाकडे पाहिले. आई थांबली नाही. खांद्याची पिशवी तशीच घेऊन ती स्वयंपाकघराच्या दाराशी आली. तिने मला पाहिले. खाली ज्योत मोठी होती आणि वर वाफेचा मागमूस नव्हता. शिट्टी हलतही नव्हती. माझ्यासमोर चिंगी बसली होती.

चिंगी आनंदाने वळली. "आई, आता तो कधीच ओरडणार नाही. मी त्याचं तोंड बंद केलंय."

आईचा चेहरा पांढराफटक पडला. वाफेने काय होते ते ती इस्पितळात रोज पाहत होती. पण ती ओरडली नाही. ओरडली असती तर चिंगी दचकून तिथेच थिजली असती. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "हो का? ये बरं माझ्याकडे. पळत ये."

चिंगी स्टुलावरून उतरून धावली. आईने तिला उचलले आणि मागे आलेल्या बाबांच्या हातात जवळजवळ फेकले.

"दोघींना घेऊन जिन्यात जा. आत्ताच्या आत्ता."

"अगं, मी त्याला नळाखाली..."

"हात लावायचा नाही त्याला! जा!"

एवढे बोलून ती खाली बसली. शेगडीच्या बटणाकडे ती गेली नाही, ते माझ्या अगदी खालीच होते. भिंतीला पाठ लावून, ओट्याच्या आडोशाने ती सरकत सरकत दुसऱ्या टोकाच्या सिलिंडरपाशी पोचली. तिचा श्वास मला ऐकू येत होता. थोडा वेळ थांब, थोडाच वेळ, असे मी स्वतःला विनवत होतो. कट् असा आवाज झाला आणि माझ्याखालची ज्योत विझली.

आई दारापर्यंत पोचली असेल नसेल, तोच माझी शक्ती संपली. झाकणातले रबर जुने, चिरलेले होते. ते एका बाजूने बाहेर फेकले गेले आणि कोंडलेली सगळी वाफ त्या फटीतून सुटली. स्टूल उडून भिंतीवर आदळले. फरशीवरचे कागद भिजले, खिडकीची काच तडकली. चिंगी बसली होती तिथे ओट्याच्या कडेला उकळते पाणी निथळत होते. त्याचे शिंतोडे आईच्या हातावरही उडाले.

मग सगळे शांत झाले. मी फुटलो नव्हतो. पण मला ते कितीतरी वेळ कळलेच नाही.

आईने न्हाणीघरात जाऊन हात नळाच्या गार पाण्याखाली धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. ती रडत होती, पण हात हलवत नव्हती. बाबा आत आले. मी निवेपर्यंत ते फरशीवरच बसून राहिले. मग त्यांनी झाकण उघडले आणि झडपेवरचा आपलाच लेप पाहिला. त्यांनी नखाने तो खरवडून पाहिला, पण त्याचा कणही सुटला नाही. त्यांनी झाकण खाली ठेवले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले.

ताई चिंगीवर खेकसली, "कशाला कोंबलंस ते? वेडी आहेस का?"

चिंगी भिंतीला चिकटून उभी होती. "तो ओरडतो ना," ती म्हणाली. "मला खूप भीती वाटते. तुम्ही सगळे हसता."

ताईने मान खाली घातली. बाबा म्हणाले, "चुकलं, बाळा. तुझं नाही, आमचं." आईने ओल्या हाताने तिला जवळ ओढले. त्या दिवशी रात्री सगळ्यांनी पावाचे कोरडे तुकडे खाल्ले. माझ्याकडे बघायची कुणाची हिंमत नव्हती आणि खरे सांगायचे तर माझीही त्यांच्याकडे बघायची नव्हती.

मला वाटले होते, आता मी भंगारात जाणार. पण बाबांनी मला दुरुस्तीच्या दुकानात नेले. नवी झडप आली, नवे रबर आले, माझे बूड आणि कड तपासून झाली. दुकानदाराने होकार दिल्यावरच त्यांनी मला घरी आणले. तरी कित्येक दिवस मी फडताळात होतो. मग एके दिवशी आईनेच मला खाली काढले.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. आमच्यासारख्या वस्तू तुमच्यासाठी राबतात. आमचे झिजलेले भाग वेळेवर बदला, आमच्या वाटा साफ ठेवा आणि तात्पुरते केलेले काम विसरू नका. मी तापलो असताना माझ्याजवळ येऊ नका. घरातले मोठे माणूस जवळ नसेल तर मला हातही लावू नका. आणि घरात कुणी एखाद्या गोष्टीला घाबरत असेल, तर हसण्याआधी त्याच्याजवळ बसून विचारा, कशाची भीती वाटते ते. मनात कोंडलेल्या भीतीला वाट मिळाली नाही तर काय होते, ते माझ्याइतके कुणाला ठाऊक असणार?

चिंगी आजही माझ्या शिट्टीला घाबरते. शिट्टी होण्याआधी तिला सांगायचे असा आता घरात नियम आहे. मग ती ताईचा हात धरून बाहेरच्या खोलीत जाते. पण त्याआधी तिचे एक काम असते. आई माझे झाकण खिडकीच्या उजेडात धरते आणि चिंगी एक डोळा मिटून नळीच्या भोकातून पलीकडे पाहते.

"दिसतंय का आरपार?" आई पलीकडून विचारते.

"दिसतंय."

"काय दिसतंय?"

"तू."

मग आई शेगडी पेटवते.